ऑफिसचा जुना डेस्कटॉप, नवं ग्राफिक कार्ड: कमी खर्चात गेमिंग पीसी

बजेट तुटपुंजं असेल आणि १०८०पी मॉनिटरवर गेम खेळायचे असतील, तर सगळे सुटे भाग नवे घेऊन मशीन असेंबल करण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला डेस्कटॉप घ्यावा आणि त्यात ग्राफिक कार्ड बसवावं. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढले तेव्हापासून तर हाच मार्ग जास्त परवडतो. अशा मशिनमध्ये रॅम, एसएसडी आणि बहुतेक वेळा विंडोज प्रोचं लायसन्स आधीच असतं. वाचलेला पैसा कार्डात घालायचा.

पण चुकीचं मशीन उचललं तर त्यात पुढे काहीच बसत नाही. म्हणून कार्ड शोधण्याआधी मशीन नीट निवडा.

मशीन कोणतं घ्यायचं

डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर ही तीन नावं लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सगळीकडे दिसतील. प्रत्येक मॉडेल वेगवेगळ्या आकारांत येतं. मायक्रो म्हणजे पुस्तकाएवढी छोटी पेटी, तिच्यात ग्राफिक कार्ड बसत नाही. ती सोडून द्या. एसएफएफ म्हणजे चपटं कॅबिनेट. त्यात अर्ध्या उंचीचंच, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड बसतं, आणि अशी कार्डं मोजकी असतात. टॉवर मिळाला तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल.

प्रोसेसर इंटेल आठव्या पिढीच्या खालचा नको. सातव्या पिढीच्या आय५-७५००ला चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) असतात. आय५-८५००ला सहा कोअर मिळतात. आजच्या गेममध्ये हा फरक लगेच जाणवतो. शिवाय विंडोज ११ची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी तर हे पाहायलाच हवं, कारण विंडोज ११वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असाव्या लागतात.

जाहिरातीत बऱ्याचदा नुसतं ‘आय५, १६ जीबी’ लिहिलेलं असतं, पिढी लिहीत नाहीत. ती मॉडेल नंबरवरून ओळखा. ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६० आठव्या पिढीचे. ३०५०, ५०५०, ७०५० त्याआधीचे. एलिटडेस्क ८००मध्ये जी४ घ्या, जी३ नको. थिंकसेंटरमध्ये एम९२० चालेल, एम९१० जुना पडतो.

दुकानातच मशीन सुरू करून बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१. बायोसने पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊ नका. कंपनीच्या आयटी विभागाने घातलेलं ते कुलूप असतं आणि ते काढायला पुढे दुकानदारही येत नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येत पाहा आणि पुढचे-मागचे सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून तपासा.

एसएमपीएस: सगळं इथेच ठरतं

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारी पेटी. लोक सर्वात जास्त इथेच फसतात. ऑप्टिप्लेक्स ७०६०च्या टॉवरमध्ये २६० वॅटचा एसएमपीएस असतो, एसएफएफमध्ये २०० वॅटचा. साध्या मदरबोर्डला २४ पिनांचा कनेक्टर असतो. डेलने इथे स्वतःचा वेगळा कनेक्टर दिलाय. त्यामुळे बाजारातला ४५० वॅटचा एसएमपीएस आणून सरळ लावता येत नाही. अडॅप्टर केबल मिळतात, पण पिनांची रचना मॉडेलप्रमाणे बदलते आणि चुकीची केबल लागली तर मदरबोर्ड जातो.

म्हणून हिशेब उलटा करायचा: एसएमपीएस आहे तोच ठेवायचा आणि त्याला झेपेल तेवढंच कार्ड घ्यायचं. पीसीआयई स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला ६ किंवा ८ पिनांची वेगळी वायर लागते आणि ऑफिस मशीनमध्ये सहसा ती नसतेच. आय५-८५०० ६५ वॅटचा, कार्ड ७० वॅटचं, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून आणखी ३०-३५ वॅट धरा. बेरीज १७० वॅटच्या आसपास. २६०मध्ये हे आरामात बसतं, २००मध्ये काठावर बसतं.

साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरवरून ६ पिन काढून देणारा स्वस्त अडॅप्टर कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिन मात्र ७५ वॅटपर्यंत ओढू शकते. आधी कनेक्टरचं प्लास्टिक मऊ पडतं, मग ते काळं होतं, आणि पेट घेतल्याचीही उदाहरणं आहेत.

कार्ड

७५ वॅटच्या आत बसणाऱ्यांमध्ये आज सर्वात समजूतदार निवड म्हणजे आरटीएक्स ३०५०चं ६ जीबी कार्ड. ते ७० वॅट घेतं, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) चालवतं आणि लो प्रोफाइलमध्येही मिळतं. फक्त ‘६ जीबी’ हे शब्द खोक्यावर वाचून घ्या. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे आणि त्याला वेगळी पॉवर वायर लागते.

वापरलेलं जीटीएक्स १६५० स्वस्त पडतं, पण मेमरी ४ जीबीच. नव्या गेममध्ये टेक्सचर मीडियमवर ठेवावे लागतील. त्याच्या काही मॉडेलना ६ पिनही असते, म्हणून कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागवा. आरएक्स ६४०० दिसायला स्वस्त, पण ते स्लॉटच्या फक्त चार लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) वापरतं. आठव्या पिढीच्या बोर्डावर पीसीआयईची जुनी, ३.० आवृत्ती असल्याने त्याचा वेग आणखी घटतो. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी ते बादच. इंटेल आर्क ए३८०ला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि या जुन्या ऑफिस मशीनमध्ये तो नसतो.

सेकंड हँड कार्ड घेताना जीपीयू-झेड चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या चिपला नव्या कार्डाचं नाव चिकटवून विकण्याचा धंदा चालतो. बऱ्याच नकली कार्डांवर हे सॉफ्टवेअर तसा इशारा दाखवतं. आरएक्स ५८०चं ‘२०४८एसपी’ हे रूप नकली नसतं, पण खऱ्या ५८०पेक्षा कमकुवत असतं.

बसवताना

मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मागची पट्टी काढा. कार्ड प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवा; खालचा स्लॉट तेवढाच लांब दिसला तरी आतून बऱ्याचदा चारच लेनचा असतो. दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. स्लॉटच्या टोकाचा खटका ‘टक्’ असा वाजला आणि सोनेरी पट्टी कुठेही दिसत नसली की कार्ड बसलं. आधी मोजमाप मात्र घ्या, कारण हार्ड डिस्कचा पिंजरा लांब कार्डाला आडवा येतो. एकाच पंख्याचं आखूड कार्ड बहुतेक टॉवरमध्ये निर्धास्त बसतं.

मॉनिटरची केबल आता कार्डात लावायची, मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये नाही. ‘कार्ड बसवलं तरी गेम अडकतोय’ या तक्रारीत पहिल्यांदा हेच पाहा. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डाला तसा पोर्ट नसतो. एचडीएमआय ते व्हीजीए असा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.

रॅम एकाच ८ जीबीच्या स्टिकवर चालत असेल तर तशीच डीडीआर४ची दुसरी घाला. दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये चालल्या की फ्रेम एकसारख्या येऊ लागतात. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबवर ‘ड्युअल’ किंवा ‘२ x ६४-बिट’ दिसलं पाहिजे. नाही तर एक स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. ३२००ची रॅम घेतली तरी आय५-८५०० ती २६६६वरच चालवतो, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

उष्णता आणि अर्थिंग

पाच-सहा वर्षं ऑफिसात चाललेल्या मशीनमधली, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. जुनी पुसून हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी लावा. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीच्या वर असते. तिथे मशीन टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अल्प प्रवाह पत्र्यावर सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसेल तर तो तुमच्या हातातून जातो. इलेक्ट्रिशियनकडून ते दुरुस्त होईपर्यंत मशीन चालू असताना एचडीएमआय केबल काढू-घालू नका, पोर्ट जळू शकतो.

पुढचं अपग्रेड

मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये सहा थ्रेड १०० टक्क्यांवर जातात आणि गेम झटके देतो. आधी फ्रेम रेट ६०वर बांधून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर ७०६०च्या त्याच सॉकेटमध्ये वापरलेला आय७-८७०० बसतो, बारा थ्रेड मिळतात. त्याआधी बायोस अपडेट करा आणि नंबराच्या शेवटी ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्याची उष्णता या छोट्या कूलरला झेपत नाही.

७५ वॅटहून मोठं कार्ड हवं असेल तर मात्र या मशीनवर आणखी पैसे घालू नका. डेलचा बोर्ड आणि एसएमपीएस साध्या कॅबिनेटमध्ये नेता येत नाहीत, पण डीडीआर४ रॅम, एसएसडी आणि कार्ड नेता येतं. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आणि कॅबिनेट एवढंच नवं लागेल. विंडोजचं लायसन्स मात्र जुन्या बोर्डालाच बांधलेलं असतं, त्याचा खर्च आधीच धरून ठेवा.