सिपोरेक्सवर कोरा अँग्लो-सॅक्सन क्रॉसची गुंफण

जुन्या इंग्लिश दगडी क्रॉसवरची गुंफण फोटो बघून तशीच उतरवायला जाऊ नका, डोकं गरगरतं. आधी जाळी आखा. इंग्लंडमधल्या कंब्रियातला ब्यूकॅसलचा क्रॉस बघा, साधारण ८व्या शतकातला, माथा गेलाय तरी चार मीटरच्या वरचा खांब अजून चर्चच्या आवारात उभा आहे, त्याच्या उत्तर-दक्षिण बाजूंना वेगवेगळ्या गुंफणीचे चौकोन आहेत आणि ते अंदाजपंचे काढलेले नाहीत हे बघताक्षणी कळतं.

कागदावर ८ सेंमी रुंद, २० सेंमी उंच चौकट घ्या, आत ४ सेंमीची घरं, म्हणजे दोन बाय पाच. आतल्या प्रत्येक घराच्या रेषेवर बरोबर मध्यावर छोटी फुली मारा, बाहेरची चौकट सोडून. मग ठिपक्यांच्या रांगोळीसारखी फुल्यांची टोकं जोडत जायचं, कडेला आलं की वळून परत आत. अख्खी एकच सलग दोरी होते. दोन बाय चार घेतलंत तर दोन सुट्या होतात, म्हणून पाच.

दोरीचा कुठला पट्टा वरून, कुठला खालून हा घोळ नको असेल तर उभ्या रेषेवरच्या फुलीत उजवीकडे झुकलेला पट्टा वर, आडव्या रेषेवर डावीकडे झुकलेला वर. कुठेच चुकत नाही, खरंच.

आणि खरी मजा तोडीत आहे! एखादी फुली खोडून तिथे दोन समांतर रेषा काढा, पट्टे एकमेकांना न ओलांडता मागे वळतात आणि साध्या वेणीच्या जागी गाठी दिसायला लागतात. कारागिराची अक्कल मला इथेच दिसते. पेन्सिलीने वेगवेगळ्या जागी तोडून बघा, घाई नको.

आपला काळा पत्थर सुरुवातीला हाताला झेपणार नाही. सिपोरेक्सचा, म्हणजे भिंतीच्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकचा तुकडा मागा, मुंबईत कुणाच्या ना कुणाच्या घरी रिनोव्हेशन चालूच असतं. मास्क लावा, गॅलरीत बसा, पाणी शिंपडत राहा. कार्बनने नक्षी उतरवा, पट्टा दीड सेंमीचा. आधी पट्ट्यांमधली जागा ८ मिमी खोल काढायची, मग फुलीपाशी फक्त खालचा पट्टा दोन्हीकडून उतरता करायचा, वरच्याला हात लावायचा नाही. कडा पॉलिश पेपरने घासा.

काही क्रॉसवर रंगाचे अंश सापडलेत, त्यामुळे रंगवायला हरकत नाही. सिपोरेक्स रंग खूप पितं, आधी प्रायमरचा एक हात मारा.