फायबरग्लासचं हाय-पॉवर रॉकेट बांधताना या चुका टाळा

पुठ्ठ्याच्या रॉकेटवर लेव्हल १, म्हणजे हाय-पॉवर रॉकेट उडवण्याच्या प्रमाणपत्राची पहिली पायरी, पार पडली, की अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी मंडळींचं लक्ष फायबरग्लासच्या किटकडे जातं. पुढची लेव्हल २ म्हणजे जे, के किंवा एल या जास्त ताकदीच्या वर्गातली मोटर (रॉकेटचं इंजिन), शिवाय लेखी परीक्षा. फायबरग्लासची नळी दणकट असते, त्यामुळे आता काही तुटणार नाही असं वाटायला लागतं. तुटतं, पण बहुतेक वेळा नळी नाही, सांधा.

फिन (शेपटीकडचं पातं) निखळून आली तर तुटलेली जागा उजेडात तिरकी धरून बघा. इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाचा) अख्खा पोपडा सुटलाय आणि खालची नळी चकचकीत आहे? मग ते इपॉक्सी मुळात धरलंच नव्हतं. उलट इपॉक्सीला काचेचे धागे ओरबाडून आले असतील, तर सांधा पक्का होता, आपटीच जबर होती. नळ्या साच्यावरून सुटाव्यात म्हणून लावलेल्या मेणाचा थर वर राहू शकतो. तो आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, मगच पॉलिश पेपर घ्या. क्रम उलटा झाला तर तेच मेण चरांमध्ये भरलं जातं. ८० नंबरच्या कागदाने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, आणि अल्कोहोल लावलेलं फडकं स्वच्छ येईपर्यंत पुसत राहा. सांध्याच्या दोन्ही बाजू घासायच्या असतात. फिन घासून नळी तशीच सोडणारे कमी नाहीत. घासताना पाणी वापरा आणि चांगला मास्क लावा. हा भुसा अंगाला खाजवतो, पण खरी काळजी फुप्फुसांची.

पाच मिनिटांचं इपॉक्सी फिन जागेवर टेकवून ठेवण्यापुरतं ठीक. भार पेलायला सावकाश घट्ट होणारं लागतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारा भाग) जास्त घालू नका. तसं मिश्रण लवकर सुकत नाही, उलट रबरासारखं मऊ राहतं. प्रमाण डब्यावर वाचा, आणि ते वजनाचं आहे की मापाचं तेही बघा.

मागची सेंटरिंग रिंग (मोटरची नळी बाहेरच्या नळीच्या मधोमध धरणारी कडी) घाईने चिकटवणं ही हमखास होणारी चूक. फिनचा भाग नळीच्या भिंतीतून आत मोटरच्या नळीपर्यंत जातो आणि खरी ताकद तिथल्या फिलेटमध्ये, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या इपॉक्सीच्या पट्टीत, असते. रिंग बसली की आत हात जायची वाटच बंद. म्हणून ती नुसती अडकवून फिन सरळ करा, मग काढा, आतल्या फिलेट भरा आणि शेवटी रिंग कायमची बसवा. मोटरच्या नळीच्या तोंडाला टेप लावा. आत ओघळलेल्या इपॉक्सीच्या एका थेंबामुळे ऐन उड्डाणाच्या दिवशी मोटरचं केसिंग (बाहेरचं कवच) आत जात नाही.

इपॉक्सी ओतायला हात सैल सुटला की शेपूट जड होते. जड शेपूट म्हणजे रॉकेटचा तोल मागे सरकतो. ओपनरॉकेटमध्ये (उड्डाणाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर) किटचं छापील वजन टाकून निर्धास्त होऊ नका. तयार रॉकेट मोटरसकट उचलून गुरुत्वमध्य मोजा. तो दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, नाकाकडे, नळीच्या किमान एका व्यासाइतका हवा. कमी पडत असेल तर नाकात वजन घाला, पण ते घट्ट बसवून.

आता पॅराशूट बाहेर यावं म्हणून रॉकेटचे भाग वेगळे होण्याबद्दल. कपलर (दोन नळ्या जोडणारा आतला तुकडा) आज छान सरकतो म्हणून उद्याही सरकेल असं नाही. त्यावर रंगाचा थर चढला, की तो अडकतो. म्हणून रंगवताना तो भाग टेपने झाका. उलटही होतं: वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, आत कोंडलेली हवा भाग ढकलते, आणि पॅराशूट नको तेव्हा बाहेर येतं. हवा निघून जावी म्हणून नळीला बारीक भोक पाडा आणि नायलॉनच्या शिअर पिना (ठरल्या वेळी तुटून भाग सोडणाऱ्या) लावा. पिना लावल्यावर इजेक्शन चार्जची (भाग वेगळे करणाऱ्या छोट्या स्फोटाची) चाचणी आधी जमिनीवर झालीच पाहिजे, जाणकार माणूस शेजारी ठेवून. दोन्ही भाग झडझडून सुटले नाहीत तर उड्डाण पुढे ढकला.

शेवटी रंग. फायबरग्लासमधून जीपीएसचा सिग्नल आरपार जातो, कार्बन फायबरमधून जात नाही. मात्र धातूची चमकी असलेला चंदेरी रंग नाकाला दिला, तर आत बसलेला ट्रॅकर मुका होऊ शकतो. तो रंग खालच्या नळीवर मिरवा.