अमेरिकेतील बिझनेस स्कूलने प्रतीक्षायादीत ठेवल्यानंतर काय करावे

अमेरिकेतील बिझनेस स्कूलकडून प्रवेशही नाही आणि नकारही नाही असे पत्र आले, की आपल्याकडील उमेदवाराचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यादीत माझा क्रमांक कितवा? सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या किंवा आयआयएमची प्रतीक्षायादी पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण तिथे यादी गुणांच्या क्रमाने लागते, वरच्याने जागा सोडली की खालचा एकेक पायरी वर सरकतो, आणि मधल्या काळात उमेदवाराने काहीही केले तरी त्याचा क्रमांक बदलत नाही. अमेरिकेतील बहुतेक नामांकित बिझनेस स्कूलमध्ये मात्र प्रतीक्षायादीला असा क्रमच नसतो. एखादी जागा रिकामी झाली की प्रवेश समिती आधी वर्गाकडे पाहते, म्हणजे कोणत्या उद्योगातील, कोणत्या देशांतील आणि कोणती उद्दिष्टे असलेली माणसे कमी पडत आहेत हे तपासते, आणि मग यादीतील फायली पुन्हा उघडते. तुमची फाइल दुसऱ्यांदा वाचली जाणार आहे, आणि त्या वाचनात पहिल्या वेळी नव्हते असे काहीतरी समितीच्या हाती लागले पाहिजे, हे एकदा ध्यानात घेतले की पुढची सारी कामे आपोआप ठरत जातात.

पहिले काम आलेले पत्र अक्षरशः वाचण्याचे. यादीत राहायचे आहे असे ठरावीक मुदतीत कळवावे लागते आणि ती मुदत चुकली तर नाव वगळले जाऊ शकते. त्याच पत्रात किंवा त्यासोबतच्या प्रश्नोत्तरांत शाळा नवी माहिती स्वीकारते की नाही, स्वीकारत असल्यास ती पोर्टलवर टाकायची की ईमेलने पाठवायची, आणि किती पाठवायची हे दिलेले असते. काही शाळा जास्तीचे काहीही पाठवू नका असे स्पष्ट बजावतात. अशा ठिकाणी पत्रे पाठवत राहणे म्हणजे साधी सूचनाही हा उमेदवार पाळत नाही असा पुरावा स्वतःच्या हाताने देणे होय, म्हणून तिथे खरोखरच थांबावे.

वेळापत्रकाची कल्पना असली तर मनस्ताप बराच कमी होतो. साधारणपणे पहिल्या राउंडचे, म्हणजे अर्जांच्या पहिल्या फेरीचे, अर्ज सप्टेंबरमध्ये जातात आणि निकाल डिसेंबरमध्ये लागतो, तर दुसऱ्या राउंडचे अर्ज जानेवारीत जातात आणि निकाल मार्चअखेरीस येतो. डिसेंबरमध्ये यादीत आलेल्या उमेदवाराचा विचार बहुतेकदा दुसऱ्या राउंडसोबत होतो. खरी हालचाल त्यानंतर, म्हणजे प्रवेश मिळालेल्यांची डिपॉझिट भरण्याची मुदत संपली की सुरू होते, आणि मे-जूनमध्ये, क्वचित जुलैतही फोन येतात.

आता स्वतःच्या फाइलची तपासणी. अर्ज पूर्ण छापून घ्यावा आणि या क्षेत्रातील जाणत्या, पण तुमच्याशी गोड बोलण्याची गरज नसलेल्या माणसाला वाचायला द्यावा. शाळा अभिप्राय देत असेल तर तो अवश्य मागावा, परंतु मिळालेल्या अभिप्रायावर वाद घालू नये. उणीव बहुतेकदा चारपैकी एका ठिकाणी सापडते: परीक्षेचे गुण, पदवीचे गुण, कामातील जबाबदारी किंवा पुढील उद्दिष्टांची संदिग्धता.

परीक्षेचे गुण ही त्यातली सर्वांत सरळ बाब आहे. शाळेने प्रसिद्ध केलेल्या चालू वर्गाच्या माहितीत जीमॅट या बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेतील गुणांची सरासरी किंवा मध्यांक दिलेला असतो. तुमचे गुण त्याच्या खाली असतील, आणि विशेषतः गणिताचा विभाग कमकुवत असेल, तर परीक्षा पुन्हा द्यावी. सध्याचा जीमॅट २०५ ते ८०५ या मापावर मोजला जातो, त्यात ४५ मिनिटांचे तीन विभाग असतात, आणि दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचे अंतर ठेवावे लागते, त्यामुळे मार्चअखेर निकाल कळला तरी एप्रिलअखेरपर्यंत नवे गुण हाती येऊ शकतात. दहा गुणांची वाढ समितीचे मत बदलेल असे मला वाटत नाही. तीस-चाळीस गुणांची वाढ मात्र वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. गुण आधीच सरासरीच्या वर असतील तर पुन्हा परीक्षा देऊन महिना घालवू नये.

पदवीचे गुण आता बदलता येत नाहीत. आपल्याकडील विद्यापीठांत साठ टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो हे समितीला माहीत असते, तरीही गणित किंवा लेखाशास्त्रात गुण घसरलेले असतील तर त्या विषयातील परीक्षा असलेला एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचा निकाल पाठवणे उपयोगी पडते. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनचा ‘कोर’ हा अभ्यासक्रम याच हेतूने अनेक जण करतात, कारण त्यात बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, अर्थशास्त्र आणि फायनान्शियल अकाउंटिंग हे तीन विषय एकत्र येतात. नुसते व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना तेवढे वजन नसते.

सर्वाधिक कष्ट घ्यावेत ते अद्ययावत माहितीच्या पत्रावर. हे पत्र एका पानाचे असावे, आणि अर्जात आधीच आलेला मजकूर त्यात पुन्हा आणू नये. हिंजवडीतील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंता उदाहरणासाठी घेऊ. भारतीय अभियंत्यांचे अर्ज या शाळांकडे मोठ्या संख्येने जातात, आणि त्यांतील बऱ्याच पत्रांत ‘गेल्या काही महिन्यांत माझ्या नेतृत्वगुणांचा विकास झाला’ अशा अर्थाची वाक्ये असतात. त्या वाक्यातून कोणतीही माहिती मिळत नाही. त्याऐवजी ‘फेब्रुवारीत माझ्याकडे चार जणांचा गट सोपवण्यात आला, ग्राहकाने रद्द करण्याचे ठरवलेले काम आम्ही नव्याने आखून दिले, आणि करार आणखी एका वर्षासाठी वाढला’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला प्रसंग दिसतो, निर्णय दिसतो आणि त्याचा परिणामही दिसतो. बढती मिळाली असेल तर नव्या पदाच्या नावापेक्षा त्यातून कोणते निर्णय तुमच्या हाती आले ते सांगावे. गेल्या काही महिन्यांत खरोखरच काही घडले नसेल, तर पत्र रेटून लिहिण्यापेक्षा वरिष्ठांकडे जाऊन अवघड काम मागून घ्यावे आणि ते हातावेगळे झाल्यावर लिहावे.

पत्राचा उरलेला भाग उद्दिष्टांना द्यावा. ‘कन्सल्टिंगमध्ये जायचे आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या प्रकारच्या कंपन्यांचे कोणते प्रश्न सोडवायचे आहेत आणि त्यासाठी या शाळेतील नेमके काय हवे आहे हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी तेथील विद्यार्थ्यांशी व माजी विद्यार्थ्यांशी बोलावे, मात्र माझ्यासाठी शब्द टाका अशी गळ त्यांना घालू नये. प्रवेश मिळाल्यास मी नक्की येईन, हे वाक्य समितीच्या दृष्टीने फार मोलाचे असते, कारण मे महिन्यात तिला नकार परवडत नाही. ते एकाच शाळेला, आणि खरे असेल तरच लिहावे.

शाळा जास्तीचे शिफारसपत्र स्वीकारत असेल तर ते कोणाचे घ्यावे याबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ओळखीचे आमदार, नातलगांपैकी एखादे मोठे अधिकारी किंवा कंपनीचे वरिष्ठ संचालक यांचे पत्र वजनदार वाटते, पण ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेले नाही त्यांच्या पत्रात लिहिण्याजोगे काहीच नसते. आधीच्या शिफारसपत्रांत न आलेली बाजू सांगू शकेल असा माणूस शोधावा: दुसऱ्या विभागातील ज्यांच्याबरोबर तुम्ही प्रकल्प पार पाडला असे व्यवस्थापक, ग्राहकाच्या बाजूचे अधिकारी किंवा ज्या संस्थेत तुम्ही नियमित वेळ देता तिथल्या प्रमुख. एकच पत्र पुरे.

संपर्काचे प्रमाण राखणे महत्त्वाचे आहे. सांगण्यासारखे काही घडले तरच, आणि साधारण पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने लिहावे. आईवडिलांनी किंवा सल्लागाराने शाळेला फोन करू नये. तिथे उमेदवाराला सज्ञान माणूस समजले जाते आणि त्याने स्वतःच बोलावे अशी अपेक्षा असते.

दरम्यान व्यवहाराची तयारी करून ठेवावी, कारण जूनमध्ये फोन आल्यावर उत्तरासाठी काही दिवसच मिळतात आणि वर्ग ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. तुमच्या कंपनीचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर तो पैसे भरून कमी करता येतो का, हे आताच पाहावे. शैक्षणिक कर्जाची प्राथमिक मंजुरी घेऊन ठेवावी, कारण आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी शाळेने द्यायचे प्रमाणपत्र, मिळण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते आणि आय-२० हाती आल्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाता येत नाही. दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळालेला असेल तर तिथले डिपॉझिट मुदतीत भरावे. ते सहसा परत मिळत नाही, तरीही हातातील जागा सोडून प्रतीक्षायादीवर विसंबणे योग्य नाही. त्या शाळेच्या आय-२० वर अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरून झाले असेल आणि व्हिसा घेण्याआधीच शाळा बदलली, तर ते शुल्क नव्या आय-२० कडे वळवता येते.

किती काळ थांबायचे याची तारीख स्वतःच ठरवावी, आणि दुसरीकडे जाण्याचे पक्के झाले की प्रतीक्षायादीतून नाव काढून घेत असल्याचे त्याच दिवशी कळवावे, म्हणजे वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाचा तरी मार्ग मोकळा होतो. शेवटी नकारच आला आणि त्याच शाळेत जायचे असेल, तर सप्टेंबरमधील पहिल्या राउंडमध्ये पुन्हा अर्ज करावा. पुन्हा अर्ज करणाऱ्यांना अनेक शाळा गेल्या वर्षभरात काय बदलले यावर छोटा निबंध लिहायला सांगतात, आणि या काळात मिळवलेले गुण, अंगावर घेतलेले काम व पाठवलेली पत्रे यांतून त्या निबंधाचा मजकूर बराचसा तयार झालेला असतो.