मुरगावहून क्रूझ: पहिल्या दिवसाची तयारी

औषधं खांद्यावरच्या सॅकमध्ये. मोठ्या बॅगेत नाही. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा. मोठी बॅग बंदरावरच तुमच्या हातातून जाते, एक्स-रे होते, जहाजात चढते आणि केबिनच्या दाराशी येते ती संध्याकाळी, कधी रात्रीची जेवणं आटोपल्यावर. दुपारची बीपीची गोळी, शुगरची गोळी, इन्सुलिन, दम्याचा पंप त्यात असेल तर तोवर काय करणार? ‘ती बॅग जरा आधी काढून द्या’ म्हणून कोणी काढून देत नाही. हजारो बॅगा असतात तिथे.

ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स नको. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच असायला हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, अशा ठिकाणी काउंटरवर घोळ होतो, म्हणून तो आधीच कंपनीला मेल करून निस्तरा. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट, आणि तोही सहा महिने तरी शिल्लक असलेला. घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांचं पत्र घ्या. 24 आठवड्यांच्या पुढे बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत. वेब चेक-इन घरीच करा आणि बॅगेचे टॅग छापून पिनांनी पक्के करा. चिकटपट्टी सुटते.

बॅगेत काय नको: इस्त्री, विजेची किटली, सुरी, मेणबत्त्या, उदबत्त्या. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही नको, कारण जहाजाच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल वायर घरासारखी अर्थिंगला जोडलेली नसते आणि तो बोर्ड तापून पेटू शकतो. फेणीची बाटली सापडली की ठेवून घेतात आणि प्रवास संपल्यावर देतात, ते नशीब असेल तर. असलं काही सापडलं की बॅग अडकते आणि तुम्हाला बोलावणं येतं. म्हणजे संध्याकाळी येणारी बॅग आणखी उशिरा. आता कळलं, औषधं सॅकमध्ये का? खाजं, चणे, चिवडा सीलबंद असेल तर सहसा चालतं, तरी कंपनीचा नियम वाचा.

आता बंदर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ म्हणू नका. पणजीत सांता मोनिका जेटीवरून मांडवीत फिरणाऱ्या बोटींनाही सगळे क्रूझच म्हणतात आणि तो तुम्हाला थेट तिथे नेऊन सोडेल. ‘मुरगाव हार्बर, वास्को’ असं सांगा. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांचं तिकीट दाबोळीचं आहे की मोपाचं, ते आधी बघा. दाबोळी वास्कोला खेटून आहे. मोपा पेडण्यात, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथून दोन तास धरा. 2022 च्या अखेरीस झुआरीवर नवा पूल सुरू झाला, त्यामुळे कुठ्ठाळीच्या वाहतूककोंडीचा ताप कमी झाला, तरी वेळ हातात ठेवा. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावला उतरून टॅक्सी करावी. ओला-उबर गोव्यात शोधत बसू नका. गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप किंवा स्टँडवरची टॅक्सी. जहाज पाचला सुटणार म्हणजे साडेचारला पोचायचं नसतं. प्रवाशांची यादी आधी बंद होते, चेक-इन तास-दीड तास आधीच थांबतं. त्यानंतर आलात तर जहाज दिसेल, चढता येणार नाही.

चेक-इनला फोटो काढून एक कार्ड देतात. तीच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. त्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड जोडलंत तर खात्यातले पैसे अडकून पडतात आणि सुटायला दिवस लागतात. केबिन लगेच मिळत नाही, दुपार होते. म्हणून सॅकमध्ये औषधांबरोबर पोहण्याचे कपडे, लहान मुलांचा एक जोड आणि चार्जरही असू द्या. सगळे जण बुफेवर तुटून पडतात. खालची डायनिंग हॉलची खोली उघडी असेल तर तिथे जा, बसायला जागा मिळते. शाकाहारी, जैन जेवणाचं याच वेळी सांगून टाका.

सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, टाळू नका, टाळताही येत नाही, नावं तपासतात. 2012 साली कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडालं तेव्हा त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलले आणि आता ते जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावंच लागतं. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा इशारा. जमायची जागा कार्डावर आणि केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये नसेल तर अटेंडंटकडून लगेच मागा.

बंदराचा बांध ओलांडला की जहाज डुलायला लागतं. मळमळीची गोळी त्याच्या तासभर आधी घ्यायची; उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. कुठली गोळी, ते डॉक्टरांना घरूनच विचारून या, आजी-आजोबांसाठी तर नक्कीच. आणि ती कुठे ठेवायची? सॅकमध्ये! मोठ्या बॅगेतली गोळी रात्री दहाला हातात येऊन उपयोग नाही. त्रास झालाच तर मधल्या डेकवर, मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे बघत बसा. रिकाम्या पोटी राहू नका.

फोन: किनारा सुटला की रेंज जाते. तिकीट, बुकिंग सगळ्याचे स्क्रीनशॉट आधीच घ्या, मग एअरप्लेन मोड. वायफाय महाग. रात्रीचा शो आणि जेवणाची पाळी दुपारीच बुक करा. इन्सुलिनसाठी केबिनच्या छोट्या फ्रीजवर विसंबू नका, अटेंडंटला सांगा. रात्री बॅग आली का, दार उघडून बघा. नसेल आली तर रिसेप्शन.