ब्राँझचा सैनिक, दोन जागा: टालिनला चित्रीकरणासाठी निघण्याआधी

ब्राँझचा सैनिक म्हणजे एस्टोनियाची राजधानी टालिनमधला सोव्हिएत युद्धस्मारकाचा पुतळा. त्याच्या जुन्या आणि नव्या जागेचं चित्रण दोन पडद्यांवर शेजारी दाखवायचं आहे. कॅमेरा, कार्डं, बॅटऱ्या घेतल्याच असतील. आधी अँबियन्सचं बोलू. पुतळा 1947 पासून जिथे होता त्या शहराच्या मध्यातल्या टोनिस्मॅगीवर दहा मिनिटं, आणि एप्रिल 2007 मध्ये तो जिथे हलवला त्या लष्करी दफनभूमीत दहा मिनिटं, निव्वळ जागेचा आवाज. कुणी बोलायचं नाही, ट्रायपॉडला हात लावायचा नाही. मागच्या वेळी हाच राहिला आणि दोन पडद्यांचं अख्खं काम मुकं झालं. इथली रहदारी आणि तिथली शांतता यांतूनच पुतळा कुठून कुठे नेला ते कळतं. विकतच्या आवाजांनी ती जागा भरत नाही. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, बंद ठेवा. तो दफनभूमीची शांतता वर उचलतो आणि दोन्ही जागा सारख्याच गजबजलेल्या वाटतात. दोन्हीकडे गेन एकच, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, माइकवर फरचं आवरण.

वीज 50 हर्ट्झची, म्हणून 25 फ्रेम आणि शटर 1/50. दोन्ही जागी लेन्स तीच, उंची तीच. सैनिक सुमारे दोन मीटरचा आहे. टोनिस्मॅगीवर तो अजून उभा आहे असं धरून फ्रेम लावा, नाहीतर नुसती मोकळी जागा दिसते. पुन्हा सांगतो, तिथून हलण्याआधी अँबियन्स.

9 मे रोजी, सोव्हिएत विजयदिनी, लोक दफनभूमीत सैनिकापाशी फुलं घेऊन येतात. चेहरा जवळून घ्यायचा तर आधी विचारा.

सबटायटलला वेळ द्या. 22 सप्टेंबर 1944 ला सोव्हिएत लाल सेना टालिनमध्ये शिरली. त्याला रशियन भाषकांपैकी अनेक जण ‘मुक्ती’ म्हणतात, एस्टोनियन भाषकांपैकी अनेक जण ‘ताबा’. दोन्हींच्या जागी ‘आगमन’ असा गुळमुळीत शब्द आला की वादच पुसला जातो. जो जे बोलला तेच लिहा, आणि प्रत्येक भाषा तिच्याच भाषकाकडून तपासून घ्या.

पुतळा हलवण्यावरून 2007 मध्ये झालेल्या दंगलीचं फुटेज वापरणार असाल तर परवान्यात ‘प्रदर्शनात सलग लूप’ हे लेखी हवं. जुनं चित्र ताणू नका.

मांडणीला दोन्ही फाइली फ्रेमगणिक सारख्या, प्लेअर सिंक होणारे, एक रात्रभर चालवून बघायचं. सुट्या केबल.

आणि टालिन सोडण्याआधी हेडफोन लावून अँबियन्सच्या दोन्ही फाइली शेवटपर्यंत ऐका. एक जरी नसली तरी परत जा.