खडे जुळवताना आधी गडदपणा पाहा, मग रंग

माणकाशेजारी काय शोभेल असं विचारलं की उत्तर रंगात मिळतं: हिरवा लावा, पांढरा लावा. प्रत्यक्षात दागिना फसतो तो बहुतेक वेळा गडदपणामुळे. फिक्या गुलाबी टर्मलीनला काळपट नीलमाची जोड दिली, तर रंग कितीही आवडते असोत, गुलाबी खडा धुऊन निघाल्यासारखा वाटतो आणि नीलमाच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. तोच नीलम मध्यम निळा घेतला की जोडी लगेच बसते.

मोत्याची नथ याच कारणाने शोभते. लाल आणि हिरवा हे विरोधी रंग, दोन्ही खडे सारखेच गडद, आणि त्यांच्या भोवती, मध्ये फिके मोती. मोती काढून बारीक लाल आणि हिरवे खडे एकमेकांना खेटून बसवले, तर जवळून छान वाटतात. चार हातांवरून मात्र दोन्ही रंग डोळ्यांत मिसळून तपकिरी, मळकट दिसतात. म्हणून गडद विरोधी रंग एकत्र आणायचे असतील, तर त्यांच्यात मोती, हिरा किंवा निदान सोन्याची ठळक भिंत हवी. तन्मणीच्या खोडातही, म्हणजे त्याच्या मधल्या पदकातही, हेच तत्त्व दिसतं.

मुख्य खडा आधी विकत घ्या

जोडीचे खडे आधी घेऊन मग मोठा शोधायला गेलात तर तडजोड महाग खड्यात करावी लागते. मोठा खडा एकदा ठरला की छोटे त्याच्या मापाने मिळतात. हा खडा पांढऱ्या कागदावर उताणा ठेवून वरून पाहा. मधोमध कागद किंवा त्यावरचं अक्षर आरपार दिसत असेल, तर खडा उथळ कापलेला आहे. तो दागिन्यात नेहमी फिका दिसेल आणि जोडीदार खडे त्याला झाकून टाकतील. उलट मध्ये मोठे काळे ठिपके राहत असतील, तर रात्रीच्या उजेडात ते वाढतात.

लक्षात ठेवायची एक गोष्ट: एकाच प्रकारचा माल लहान आकारात फिका दिसतो, मोठ्या आकारात गडद. प्रकाशाला खड्याच्या आत कापावं लागणारं अंतर बदलतं, म्हणून. त्यामुळे 8 × 6 मिमीच्या नीलमाशी जुळणारे 2 मिमीचे नीलम हवे असतील, तर ते सुटे असताना मोठ्या खड्यापेक्षा एक छटा गडद दर्जाच्या मालातून निवडावे लागतात.

कृष्णधवल फोटोची चाचणी

सगळे खडे कागदावर शेजारी ठेवा, फोनने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आता फक्त गडदपणा उरतो. खडे साधारण एकाच करड्या छटेत आले तर जोडी शांत दिसेल. मुख्य खडा गडद आणि बाकीचे स्पष्टपणे फिके असतील तर उठाव मिळेल. दोन्ही चालतं. न चालणारी स्थिती म्हणजे मधली: एक गडद, एक किंचित कमी गडद, एक फिका, आणि त्यात कुठलाही क्रम नाही.

रंगाचंही असंच. दोन खडे एक तर हुबेहूब सारखे असावेत किंवा उघडपणे वेगळे. ॲक्वामरीन आणि आकाशी टोपाझ शेजारी ठेवले की पाहणाऱ्याला वाटतं, जुळणारा खडा मिळाला नाही म्हणून दुसरा लावला. माणकाशेजारी लाल गार्नेट ही तर सर्रास होणारी चूक. पुष्कळ माणकं उन्हात स्वतः उजळल्यासारखी दिसतात, गार्नेट तसं उजळत नाही, आणि त्याच्यातला तपकिरीपणा उघडा पडतो. गार्नेट सुंदर आहे, त्याला मोत्याची किंवा सोन्याची जोड द्या.

भरवशाच्या काही जोड्या: मध्यम जांभळा ॲमेथिस्ट आणि पोपटी पेरिडॉट, निळा नीलम आणि फिका पिवळा पुष्कराज, पाचू आणि मोती, गुलाबी टर्मलीन आणि तितकंच हलकं हिरवं टर्मलीन. पोवळं, पिरोजा आणि मोती हे अपारदर्शक खडे आपसांत उत्तम जमतात. पाच पारदर्शक खड्यांत एकच पिरोजा मात्र मेलेला दिसतो. घालायचा असेल तर तोच मध्यभागी ठेवावा किंवा दोन्ही बाजूंना जोडीने आणावा.

उजेड आणि धातू

दुकानातल्या काउंटरवरचे दिवे खड्याला खुलवण्यासाठीच लावलेले असतात. तिथे पसंती करा, निर्णय करू नका. सकाळी थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी, नंतर पिवळ्या बल्बखाली, मग ट्यूबलाइटखाली, असे तिन्ही उजेड पाहा. पिवळ्या उजेडात माणिक आणि गार्नेट फुलतात, नीलम काळवंडतो, टांझानाईट निळ्याकडून जांभळ्याकडे झुकतो. दिवसा ऑफिसला घालायचा दागिना आणि लग्नाच्या हॉलमध्ये मिरवायचा दागिना यांचे खडे म्हणूनच वेगळे निघू शकतात. पैठणीवर घालायचा असेल तर पदराचं टोक सोबत न्या, आणि जुळवायचं ते काठाच्या रंगाशी. गळ्याजवळ जास्त दिसतो तो काठच.

पिवळं सोनं लाल, केशरी, पिवळ्या आणि हिरव्या खड्यांना ऊब देतं. फिक्या निळ्या ॲक्वामरीनला मात्र ते हिरवट करतं. उपाय सोपा आहे: दागिना पिवळाच ठेवा आणि त्या एका खड्याचं घर पांढऱ्या सोन्याचं करायला सांगा. 22 कॅरेट सोनं मऊ असतं, त्यातले बारीक प्रॉन्ग, म्हणजे खडा धरून ठेवणारे पंजे, कापडात अडकून वाकतात आणि खडा पडतो. प्रॉन्ग हवे असतील तर 18 कॅरेट घ्या. 22 कॅरेटच हवं असेल तर खडा कोंदणात बसवा. कोंदण मागून बंद असेल तर खड्याखाली चमकीचा पत्रा असू शकतो. तो रंग उजळवतो, पण पाणी आत गेलं की काळा पडतो, आणि वर्षभरात जोडीचे दोन खडे दोन रंगांचे दिसू लागतात.

माप मिलिमीटरमध्ये

खड्यांची ऑर्डर कॅरेटवर, म्हणजे वजनावर, देऊ नका (सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट वेगळा), रत्तीवर तर नकोच, कारण रत्तीचं वजन दुकानागणिक बदलतं. माणकाची घनता सुमारे 4, पाचूची सुमारे 2.7. म्हणजे एकाच मापाचं माणिक एक कॅरेट भरलं, तर तसाच कापलेला पाचू सत्तर सेंटच्या (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) आसपास भरेल. दोन्ही एकेक कॅरेट मागवले तर पाचू नजरेला मोठा येतो आणि कानातल्यांचा तोल जातो.

पेंडंटचं उदाहरण घेऊ. मध्ये 8 × 6 मिमीचा अंडाकृती नीलम, त्याचं दिसणारं क्षेत्र साधारण 38 चौरस मिमी. दोन बाजूंना 5 मिमीचे गोल पुष्कराज घेतले तर दोघांचं मिळून 39 होतं, आणि पेंडंट निळं न राहता पिवळं दिसू लागतं. 3.5 मिमीचे घेतले तर 19, म्हणजे निम्मं. दुसरा रंग निम्म्यावर थांबवणं हे सुरक्षित प्रमाण आहे. तिसरा रंग हवा असेल तर तो 1.5 ते 2 मिमीच्या दाण्यांतच ठेवावा.

कोण कोणाला ओरखडतो

कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर माणिक आणि नीलम 9, टोपाझ 8, पाचू 7.5 ते 8, ॲमेथिस्ट 7, पेरिडॉट 6.5 ते 7, पिरोजा 5 ते 6, पोवळं आणि मोती 4 च्या आसपास किंवा त्याखाली. नीलमाचा पैलू मोत्याला टेकला तर मोत्यावर चरा पडणारच, म्हणून मध्ये धातूची भिंत ठेवा. अंगठीत पेरिडॉट किंवा टांझानाईट टाळा; कानात आणि गळ्यात ते निर्धास्त राहतात.

स्वच्छता नेहमी सर्वांत नाजूक खड्याच्या हिशेबाने करायची. दागिन्यात एक जरी पाचू असेल तरी अल्ट्रासॉनिक मशीन नको. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, ते निघून गेलं की भेगा पांढऱ्या दिसतात. काच भरलेलं माणिक आम्लात, अगदी लिंबाच्या रसातही, खराब होतं. माणिक फार स्वस्तात मिळत असेल तर आधी तपासून घ्या. डाग द्यायचं (तापवून सांधे जोडायचं) काम, अंगठी लहान-मोठी करणं, सगळं खडे बसवण्याआधी उरकावं. मोती, पोवळं, ओपल, पाचू यांच्याजवळ ज्योत नेऊ देऊ नका.

सोनाराकडे देण्याआधी

फिक्या रंगाच्या मातीच्या किंवा मेणाच्या वडीवर खडे प्रत्यक्ष अंतराने दाबून बसवा, वडी उभी धरा आणि आरशात गळ्यापाशी पाहा. सपाट कागदावर न दिसणारे दोष इथे दिसतात. टर्मलीन आणि टांझानाईट वळवलं की रंग बदलतो, तेव्हा जोडीचे खडे दोन्ही कानांत एकाच दिशेने बसवायला सांगा. घरात ग्रहांच्या रत्नांचे नियम पाळत असतील तर तेही आत्ताच विचारून घ्या. माणिक आणि नीलम एकत्र चालत नाहीत म्हणून तयार दागिना मोडण्याची वेळ पुष्कळांवर येते.

बारीक खडे त्याच लॉटमधून दहा टक्के जास्त घ्या, निदान दोन तरी. पुढे एक पडला तर तोच रंग पुन्हा मिळेलच असं नाही. पावतीवर प्रत्येक खड्याचं नाव, संख्या, मिमी माप, वजन आणि त्यावर केलेली प्रक्रिया लिहून घ्या, आणि उरलेले खडे पुडीत घालून परत मागून घ्या.