शुक्रवारचे परीक्षण: वृत्तपत्रासाठी चित्रपटावर लिहिताना

वृत्तपत्रात चित्रपट परीक्षण लिहिणाऱ्याला फुकटात सिनेमे बघायला मिळतात, असे लोकांना वाटते आणि त्यात थोडेफार तथ्यही आहे. परंतु या कामाला नव्याने लागणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे की त्याचे मानधन पाहण्याचे नसते, पान लागण्यापूर्वी ठरलेले चारशे शब्द उपसंपादकाच्या हाती देण्याचे असते. छापील परीक्षण बहुधा शनिवारी किंवा रविवारी येते, मात्र संकेतस्थळासाठी तेच शुक्रवारी दुपारी हवे असते. त्यामुळे आठवड्याची आखणी शुक्रवारपासून मागे मोजत करावी.

सोमवारी त्या आठवड्यात लागणाऱ्या चित्रपटांची यादी काढावी आणि कोणत्या चित्रपटाला किती जागा मिळेल हे पुरवणीच्या संपादकाशी बोलून घ्यावे. एकाच शुक्रवारी तीन मराठी आणि दोन हिंदी चित्रपट आले की एखाद्याचा बळी जाणार, हे गृहीत धरावे. प्रेस शोचे निमंत्रण बुधवार-गुरुवारचे असते. ते आले नाही तर रागावून बसू नये, शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ तिकीट काढून पाहावा आणि ते तिकीट बिलासाठी जपून ठेवावे. विनोदी चित्रपट तर शक्यतो असाच पाहावा, कारण प्रेस शोला कलाकारांची नातेवाईक मंडळी बसलेली असतात आणि त्यांच्या हशावर भरवसा ठेवून लिहिणारा फसतो. सकाळी साडेनऊच्या खेळाला जेमतेम वीस माणसे असतात, पण ती पैसे मोजून आलेली असतात.

खरे काम अंधारात होते. खिशात मावणारी वही आणि दोन बॉलपेन बरोबर ठेवावीत, मोबाइल बंद करून टाकावा. फोनच्या उजेडाचा मागच्याला त्रास होतो हे तर आहेच, शिवाय सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात पडद्याचे चोरून चित्रीकरण करणाऱ्याला किमान तीन महिन्यांची कैद होऊ शकते, तेव्हा संशयालाही जागा नको. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येते, तेवढ्यात कालावधी आणि श्रेणी टिपून घ्यावी. त्याच दुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या श्रेणीचे, ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत आणि मुलांना घेऊन जाणारा वाचक परीक्षणासोबतच्या माहितीच्या चौकटीत आधी तेच शोधतो.

अंधारात लिहिताना अक्षर मोठे काढावे, एका पानावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नये आणि डाव्या हाताचा अंगठा शेवटच्या ओळीखाली ठेवावा, म्हणजे पुढची ओळ तिच्यावर चढत नाही. काय टिपावे, याचा माझा नियम साधा आहे: मत टिपू नये, पुरावा टिपावा. ‘आई कंटाळवाणी’ असे लिहिलेली वही घरी गेल्यावर काहीच सांगत नाही. ‘आई तिसऱ्यांदा देवासमोर, तोच कोन, तेच व्हायोलिन’ एवढे लिहिलेले असले की परीक्षणातले एक वाक्य तयार झालेले असते. एखादा संवाद उद्धृत करायचा असेल तर तो शब्दशः आणि तिथल्या तिथे उतरवावा. आठवणीतला संवाद आपण नकळत सुधारून लिहितो आणि दिग्दर्शकाचा दुसऱ्या दिवशी फोन येतो. मध्यंतराची वेळ घड्याळात पाहून ठेवावी. ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ असे लिहिणाऱ्या कित्येकांना उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा वीस मिनिटांनी लहान होता हे ठाऊक नसते.

चित्रपट संपला तरी श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत उठू नये. नावे इंग्रजीत असतील तर चौकट करताना घोटाळा ठरलेला: रोमन लिपीतले एकच आडनाव काळे, काले किंवा कळे होऊ शकते, आणि मुळे व मुले यांतला फरक ती लिपी सांगत नाही. मी एकदा दोन भावांच्या भूमिका करणाऱ्या नटांची नावे पोस्टरवरच्या क्रमावरून लावली आणि धाकट्याची सारी स्तुती थोरल्याच्या नावे छापून आली. तिसऱ्या दिवशी चार ओळींची दुरुस्ती आली, पण ती कोण वाचतो? तेव्हापासून प्रसिद्धी सांभाळणाऱ्याकडून देवनागरीतली यादी मागवल्याशिवाय मी चौकट पाठवत नाही.

दारात दिग्दर्शक आणि कलाकार हात जोडून उभे असतात, शेजारी माइक घेतलेली मुलेही असतात. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘लिहितो, वाचा’ एवढेच उत्तर पुरे. तिथे सौजन्याने म्हटलेले ‘छान’ पुढे जाहिरातीत दिसू शकते. मराठी चित्रसृष्टी लहान आहे, निर्माता कुणाचा तरी मित्र निघतो आणि रात्री ‘दादा, जरा सांभाळून घ्या’ असा निरोप येतो. त्या निरोपामागचे दुःख खोटे नसते: मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावा, असे राज्य सरकारने २०१५ साली ठरवले, तरी पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर सोमवारी खेळ कमी होतात. तरीही सांभाळून घेऊ नये. मराठी म्हणून वाढवलेला अर्धा तारा वाचकाच्या लक्षात येतो, आणि पुढे खरोखर चांगल्या मराठी चित्रपटाविषयी लिहिलेले तो मानत नाही. ज्याच्याशी घरोबा आहे त्याचा चित्रपट सहकाऱ्याकडे सोपवावा.

लिहिताना कथा ऐंशी शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि मध्यंतरानंतरचे काही उघड करू नये. निष्कर्ष शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवणे धोक्याचे आहे, कारण ऐनवेळी जाहिरात आली की उपसंपादक खालून कापतो; मत दुसऱ्या परिच्छेदापर्यंत स्पष्ट झालेले असावे. ‘कसदार अभिनय’, ‘नेत्रसुखद छायाचित्रण’ आणि ‘खिळवून ठेवणारा’ हे शब्द लेखातून काढून पाहावेत. काढल्यावर वाक्यात काही उरले नाही, तर ते वाक्य मुळातच नव्हते.

कडक लिहायला कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. लोकांच्या निर्णयासाठी मांडलेल्या कलाकृतीच्या गुणावगुणांविषयी सद्भावनेने दिलेले मत ही बदनामी ठरत नाही, असा अपवाद जुन्या दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये होता आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. मात्र हे संरक्षण कर्त्याविषयी त्या कलाकृतीतून जेवढे दिसते तेवढ्यापुरतेच आहे. नटीच्या वजनावर किंवा निर्मात्याच्या घटस्फोटावर मारलेला शेरा त्यात बसत नाही, आणि तो बसत असता तरी परीक्षणात शोभला नसता.

महोत्सवांचे दिवस वेगळे असतात. जानेवारीच्या सुमारास पुण्यात आणि नोव्हेंबरमध्ये गोव्यात दिवसाला चार-पाच चित्रपट होतात, तेव्हा प्रत्येकासाठी वहीचे नवे पान उघडून वर नाव आणि देश लिहिला नाही, तर तिसऱ्या दिवशी इराणी आजोबा पोलंडच्या बर्फात फिरू लागतात. पायाभूत शिक्षण हवे असणाऱ्याने पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटचा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम करावा.

तारे सर्वांत शेवटी द्यावेत आणि त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. गेल्या सहा महिन्यांत साडेतीन तारे कोणाकोणाला दिले हे पाहिल्याशिवाय नवे साडेतीन देऊ नयेत. माझ्या वहीत दिवाळीच्या आठवड्यातले आकडे दरवर्षी अर्ध्या ताऱ्याने चढलेले दिसतात, म्हणून त्या आठवड्याचे तारे मी आता लेख पाठवण्यापूर्वी एकदा खोडून पुन्हा देतो.